दुधाची दाढ पडणारच आहे, म्हणून सोडून देऊ नका



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या वेळचा पाठ घरातल्या पोरांविषयी आहे. विषय तसा लहान वाटेल : दुधाच्या दातांची कीड आणि त्यातून होणारा पू. पण ज्या घरावर ही वेळ आली त्या घराला तो लहान वाटला नाही. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

एका सभासदाचा पाच वर्षांचा नातू. वरच्या बाजूची मागची दाढ किडलेली. दिवाळीच्या सुमारास दुखायला लागली. पोरगं रात्री रडायचं, एका बाजूनं जेवायचं. आजीनं लवंग लावली, दोन रात्री बऱ्या गेल्या. पुढं दुखणं आपोआप थांबलं. घरच्यांना वाटलं, बरं झालं. आम्हाला विचारलं तेव्हा आम्हीही तेच म्हणालो, “दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडंल.” आज ते बोलणं आठवलं की आमची मान खाली जाते.

हंगाम ऐन भरात आला. उसाला तोडचिठ्ठी मिळाली, टोळी फडात उतरली, घरातला जो तो फडावर. पोराच्या हिरडीवर एक पुळी आली होती, तिच्याकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. एका संध्याकाळी गाल सुजला. सकाळपर्यंत सूज डोळ्यापर्यंत चढली, डोळा मिटला, अंगात ताप. मग मात्र सगळं टाकून शहराचा दवाखाना गाठला. शिरेतून औषधं चालू झाली, दाढ काढली, पू वाहून गेला. चार दिवसांनी पोरगं घरी आलं. वेळेत पोचलं म्हणून आलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली, “दुखायचं थांबलं तेव्हाच का नाही आणलंत?” बापाला उत्तर देता आलं नाही. कारण दुखायचं थांबलं म्हणूनच आणलं नव्हतं.

हाच आजचा पाठ. दुखणं थांबलं म्हणजे दात बरा झाला असं नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ दात आतून मेला, असा असतो.

दुधाचे दात किती दिवसांचे?

दुधाचे दात एकूण २०. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. पोरगं बोळकं झालं की आपण हसतो, आणि सगळेच दुधाचे दात आता पडणार अशी समजूत करून घेतो. इथंच चूक होते. दुधाच्या दाढा नवव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे एकेक दाढ आठ-नऊ वर्षं काम करते. आपली आडसाली लागण दीड वर्षात तुटून जाते आणि तिच्यासाठी आपण किती राबतो! मग आठ-नऊ वर्षं पोराला भाकरी चावून देणारी दाढ “पडणारीच आहे” म्हणून कशी सोडायची?

आणखी एक ध्यानात ठेवा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं एक नवी दाढ उगवते. तिच्या आधी कोणताही दात पडत नाही, त्यामुळं घरात कोणाला पत्ता लागत नाही. ही दाढ कायमची असते. पुष्कळ घरांत तिलाही दुधाची समजतात आणि ती किडली तरी सोडून देतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

कीड म्हणजे अळी नव्हे

आपण दात “किडला” म्हणतो, पण दातात अळी नसते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे लोक पूर्वी गावोगाव फिरत. दाखवलेले ते किडे दातातले नसतात. खरा प्रकार आपल्या कारखान्यातल्याच एका गोष्टीशी जुळतो.

तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला तर काय होतं, हे सभासदांना सांगायला नको. वजन घटतं, उतारा घटतो. पण आत आणखी एक गोष्ट घडते. ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू उसातली साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत, चिकट पदार्थ तयार करतात. त्यानं रस चिकट होतो, गाळायला जड जातो आणि पुढं साखरेचे दाणे नीट बनत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, असा कारखान्याचा आग्रह असतो.

तोंडातही असलाच कारभार चालतो. तिथले स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स नावाचे जंतू साखरेपासून तसाच चिकट पदार्थ करतात आणि त्याच्या आधारानं दाताला चिकटून बसतात. दातांवर बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो, तो हाच. या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल टाकतात. माती परीक्षणाच्या अहवालात आपण सामू पाहतो. तोंडातला सामू साधारण ७ च्या आसपास असतो. गोड खाल्लं की थोड्याच मिनिटांत त्या थराखाली तो उतरतो. तो ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कडक कवच विरघळायला लागतं. लाळ हळूहळू सामू परत वर आणते, पण त्याला अर्धा ते पाऊण तास, कधी जास्तही लागतो. तेवढ्यात पोरानं आणखी एक गोळी तोंडात टाकली की पुन्हा पहिल्यापासून.

दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दातापेक्षा पातळ असतं आणि आतला नसेचा गाभा त्या मानानं मोठा. त्यामुळं कीड लवकर नसेपर्यंत पोचते. कांडी किडीनं पोखरलेला ऊस बाहेरून एका बारीक भोकाचा दिसतो आणि चिरला की आतून तांबडा निघतो. दाढेचंही तसंच. वर काळा ठिपका, आत पोकळ.

दुखणं का थांबतं?

कीड नसेपर्यंत गेली की दात ठणकतो. गार-गोड लागलं की कळ येते, रात्री जास्त दुखतं. पुढं नस मरते. मेलेली नस दुखत नाही, म्हणून पोरगं शांत होतं आणि घर निर्धास्त होतं. पण जंतू थांबलेले नसतात. ते मुळाच्या वाटेनं खाली हाडात उतरतात आणि तिथं पू साठतो. पुवाला वाट मिळाली तर हिरडीवर पुळी येते. ती फुटते, भरते, पुन्हा फुटते. पू बाहेर जातो म्हणून दाब राहत नाही आणि दुखत नाही. अशी पुळी महिनोन् महिने राहू शकते. वाट बंद झाली, की पू गालात किंवा जबड्याखाली पसरतो. मग एका रात्रीत सूज येते.

म्हणून पोरांचं तोंड आठवड्यातून एकदा उजेडात उघडून बघा. ओठ वर करून हिरडी बघा. काळा खड्डा, हिरडीवर पांढरी-पिवळी पुळी, काळवंडलेला दात, हलणारी दाढ, तोंडाला घाण वास, एकाच बाजूनं चावणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी दंतवैद्याला दाखवा.

खालचा डोळा आणि शेजारचा बांध

पू दाढेपुरताच राहत नाही. दुधाच्या प्रत्येक दाढेखाली कायमच्या दाढेचा कोंब असतो. बेण्याच्या टिपरीवर डोळा असतो तसाच म्हणा. त्या कोंबाचं कवच साधारण दुसऱ्या ते सातव्या वर्षाच्या काळात बनत असतं, आणि दुधाच्या दाढा किडण्याचाही हाच काळ. वर पू साठून राहिला तर खालच्या दाढेचं कवच कच्चं बनू शकतं. ती उगवताना पांढरे किंवा तपकिरी डाग आणि खाचा घेऊन उगवते, आणि अशी दाढ लवकर किडते. बेणं कुजकं असलं तर फुटवा जोमदार येईल असं आपण कधी म्हणतो का?

दुसरं नुकसान जागेचं. पाचव्या-सहाव्या वर्षीच दुधाची दाढ गेली तर तिची जागा मोकळी राहत नाही. मागची दाढ पुढं सरकते. शेजाऱ्यानं दरवर्षी तासभर बांध कोरावा आणि दहा वर्षांनी मोजणी आणली तर रान कमी भरावं, तसा हा प्रकार आहे. कायमची दाढ उगवायला येते तेव्हा तिला जागाच उरत नाही. ती आडवी-तिडवी येते किंवा आतच अडकते.

तिसरं नुकसान रोजचं. दुखऱ्या दाढेचं पोरगं नीट जेवत नाही, झोपत नाही, वजन धरत नाही, शाळेत लक्ष देत नाही. आपण त्याला हट्टी म्हणतो.

ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका

पुढचं वाचून घरातल्या सगळ्यांना सांगावं. यातलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, मोठं रुग्णालय गाठायचं :

१. गालाची सूज वाढत चालली आहे, किंवा डोळ्यापर्यंत चढली आहे.
२. जबड्याखाली किंवा गळ्याकडं सूज उतरली आहे.
३. सुजेबरोबर ताप आहे, पोरगं मलूल पडलं आहे.
४. तोंड पुरतं उघडत नाही.
५. गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे.
६. श्वास घ्यायला त्रास होतो. अशा वेळी एक मिनिटही घालवू नका, १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

वरच्या दाढांचा पू डोळ्याकडं जाऊ शकतो. खालच्या दाढांचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरून श्वासाची वाट बंद करू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा तासांचा हिशेब असतो. तोड लागली आहे, पाण्याची पाळी आहे, उद्या बाजार आहे, यातलं कुठलंही कारण त्या वेळी चालत नाही.

काय करू नये

ॲस्पिरिनची गोळी दाढेत किंवा हिरडीवर ठेवू नका. हिरडी भाजते. शिवाय लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन देणंच धोक्याचं आहे.

लवंगेचं तेल लहान मुलाला लावू नका. त्यानं तोंड पोळतं आणि पोटात गेलं तर बाधतं. बिब्बा तर मुळीच नको.

मिश्री लावायला देऊ नका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दुखणं क्षणभर बधिर होतं आणि पोराला तंबाखूची सवय जन्माची लागते. आपल्या भागात कितीकांची सवय दातदुखीतूनच सुरू झाली आहे.

पुळी सुईनं फोडू नका, सुजेवर गरम शेक देऊ नका.

दुकानातून मोठ्या माणसाची जंतुनाशक गोळी आणून अर्धी करून देऊ नका. टेट्रासायक्लिन जातीच्या गोळ्यांनी आठ वर्षांखालच्या मुलांच्या कायमच्या दातांना डाग पडतात. आणि जंतुनाशक नुसतं देऊन भागतही नाही. नस मेलेल्या दातात रक्त जात नाही, मग औषध तरी कसं जाणार? ठिबकची नळी चोंदली असेल तर टाकीत कितीही खत सोडा, त्या सरीला पोचत नाही. औषधानं सूज ओसरते, पण दाढेवर उपचार झाला नाही तर पू परत येतो.

दुखतंय आणि दवाखाना लांब आहे, तर पोराला कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावा आणि मुलांचं पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत द्या. एवढं करून वाटेला लागा.

दंतवैद्य काय करतात?

दंतवैद्याकडं नेलं की दाढ काढणारच, ही भीती खोटी. कीड वरवर असेल तर भरून घेतात. काही ठिकाणी चांदीचं एक औषध लावून कीड जागच्या जागी थांबवतात. त्यानं दातावर काळा डाग पडतो, पण पोराला टोचावं किंवा कोरावं लागत नाही. पू झालेल्या दाढेला मात्र या औषधाचा उपयोग नाही. कीड नसेपर्यंत गेली असेल तर नसेचा बिघडलेला भाग काढून औषध भरतात आणि वर स्टीलची टोपी बसवतात. ती टोपी दाढेबरोबर आपल्या वेळी पडून जाते. पू फार झाला असेल, दाढ वाचण्यासारखी नसेल, तर भूल देऊन काढतात. अशा वेळी एक प्रश्न आपण होऊन विचारा : “जागा राखायला तार बसवावी लागेल का?” आधी सांगितलेला बांध कोरला जाऊ नये, म्हणून ही तार असते.

जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. शिवाय २०१३ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करतं. त्यात दातही बघतात. पथक येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी दिली तर ती कपाटात ठेवू नका.

आपण साखर पिकवतो, म्हणून स्पष्ट बोलू

आता कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या पत्रकात साखरेविरुद्ध कसं लिहिता? आमचं म्हणणं असं की, जो पिकवतो त्यानंच ती कशी खावी हेही सांगावं.

स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतरच्या दशकात एक मोठी पाहणी झाली. तिथल्या मतिमंद रुग्णांवर त्यांची संमती न घेता हे प्रयोग केले गेले. ती गोष्ट अन्यायाचीच होती आणि आज कोणी तशी परवानगी देणार नाही. पण त्यातून जे कळलं ते विसरण्यासारखं नाही. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनं कीड थोडी वाढली. तीच साखर चिकट टॉफीच्या रूपात जेवणांच्या मधे वरचेवर खाल्ली तेव्हा कीड फार वाढली. म्हणजे किती खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, यालाही महत्त्व आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की, रोजच्या आहारातल्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा शेकडा १० च्या खाली असावा. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब दिवसाला पाच-सहा चहाचे चमचे इतका येतो. यात गूळ, काकवी, मध आणि उसाचा रसही धरायचा. गूळ शक्तीचा म्हणून दाताला चालतो, असं नाही. जंतूंना साखर आणि गूळ सारखेच. एक पेला रसातच पाच-सहा चमचे साखर असते.

मग पोरानं गोड खाऊच नये का? खावं. सणाची पोळी, जेवणातला गूळ, गुऱ्हाळावरचा रस खुशाल खावा-प्यावा. पण जेवणाच्या वेळी, आणि वर पाण्यानं चूळ भरावी. उसाचं कांडं चघळल्यानं दात साफ होतात असं म्हणतात, पण रस दातांवर राहतोच. कांडं खाल्लं की चूळ भरायचीच. दिवसभर खिशात गोळ्या, रडलं की बिस्कीट, आणि झोपताना तोंडात गोड दुधाची बाटली, ही तीन मात्र बंद करा. रात्री लाळ कमी सुटते, त्यामुळं बाटलीतलं गोड दूध पुढच्या दातांवर रात्रभर बसून राहतं.

पहिला दात दिसल्यापासून घासायला सुरुवात करा. सकाळी आणि रात्री झोपताना, दोनदा. रात्रीचं चुकवू नका. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढं सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. थुंकायला शिकवा. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर पेस्टविषयी डॉक्टरांना विचारा. सात-आठ वर्षांपर्यंत पोराच्या हातानं दात नीट घासले जात नाहीत, म्हणून मोठ्यांनी हात लावावा.

फडावरची पोरं

शेवटचं सांगणं आपल्या घराबाहेरचं. आपल्या फडात टोळीबरोबर लहान पोरं येतात. कोपीजवळ, बैलगाडीच्या सावलीत ती दिवसभर असतात. आई-बाप कोयत्यावर. एक दिवस खाडा झाला तर त्यांची मजुरी बुडते, म्हणून पोराचं दुखणं तेही पुढं ढकलतात, आणि परक्या गावात दवाखाना कुठं आहे हे त्यांना ठाऊक नसतं. आपल्या फडात एखाद्या पोराचा गाल सुजलेला दिसला तर मुकादमाला सांगा, गाडी द्या, बरोबर माणूस द्या. ज्यांच्या हातानं आपला ऊस गव्हाणीपर्यंत जातो, त्यांच्या पोरासाठी एवढं करणं जड नाही.

पाठाची उजळणी

घरी मोठ्यानं वाचावी आणि पोरांनाही ऐकू द्यावी.

दुधाची दाढ कधी पडते? नवव्या ते बाराव्या वर्षी.
सहाव्या वर्षी मागं येणारी दाढ कोणती? कायमची.
दुखणं आपोआप थांबलं तर? दाढ मेली असेल, दंतवैद्याला दाखवायची.
हिरडीवर पुळी? पुवाची वाट आहे. फोडायची नाही, दाखवायची.
गालाला सूज आणि ताप? त्याच दिवशी रुग्णालय.
गोड कधी? जेवणाबरोबर, वर चूळ भरून.

सुरुवातीला सांगितलेला तो नातू आता शाळेत जातो. काढलेल्या दाढेच्या जागी तार आहे, ती तो सगळ्यांना तोंड उघडून दाखवतो. आज रात्री जेवणं झाली की आपल्या घरातल्या पोरांना दिव्याखाली बसवा आणि तोंड उघडायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.